बॉयलर हाऊसचा कप्तान

मयेकरांच्या शेजारी राहण्यात एक मोठी गैरसोय होती. त्यांच्याशी बोलताना तोंडाला येईल ते बोलून चालायचं नाही. आपण सगळेच दिवसभरात दहा जणांना "येतो हो संध्याकाळी", "बघतो तुमचं काम" असं म्हणत असतो आणि त्यात काही अर्थ नसतो हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मयेकरांना ते ठाऊक नव्हतं. काळेवाडीत आम्ही भिंतीला भिंत लागून राहायला आलो त्याच आठवड्यात मी सहज म्हणालो, "येतो रविवारी तुमच्याकडे, गप्पा मारू." आणि रविवारी मेव्हण्याकडे तळेगावला निघून गेलो. दिवेलागणीला परत येतो तर हा माणूस दारात खुर्ची टाकून बसलेला. आत दोन ताटं मांडलेली, सुक्या बांगड्याचं कालवण निवून गेलेलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाधव, येणार नसाल तर येतो म्हणू नका. माणूस जेवायचा थांबतो."

मला ओशाळल्यासारखं झालं आणि त्याहून जास्त राग आला. असल्या माणसाचा राग येतोच. आपल्या साध्यासुध्या खोटेपणाला तो जागा ठेवत नाही.

केशव मयेकर मालवणकडचे. काळे, सडसडीत, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारे. भुवया अशा नव्हत्याच, आगीसमोर उभं राहून राहून गेल्या होत्या. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर आगवाले होते, म्हणजे जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा मारणारे. पुढे ते जहाज भंगारात निघालं, तेव्हा त्यांनी बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली आणि आमच्या चिंचवडच्या रबराच्या कंपनीत लागले. ती कंपनी आता बंद पडली, तेव्हा तिचं नाव राहू दे. समुद्रावरून आलेला माणूस म्हणून आम्ही त्यांना कप्तान म्हणायला लागलो. ते हसून म्हणायचे, "समुद्र मी बघितलाय कुठं? तो वर असतो. आम्ही खाली." पण नावावर त्यांचा जीव होता. "कप्तान" अशी हाक ऐकली की मान जराशी ताठ व्हायची.

मी मेंटेनन्समध्ये फिटर. बॉयलर हाऊसमध्ये माझं रोजचं जाणं-येणं, त्यामुळे त्यांची एक पद्धत मी नीट पाहिलेली आहे. बॉयलरच्या तोंडाशी एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पण नळीचं तोंड गाळानं तुंबलं, तर आतलं पाणी आटत जातं आणि काचेत मात्र जुनंच पाणी दिसत राहतं. म्हणून शिफ्ट बदलताना कॉक, म्हणजे खालची तोटी, उघडून ती काच रिकामी करायची आणि पाणी पुन्हा वर चढतंय का ते बघायचं. नियम सगळीकडे हाच. मयेकरांनी त्याला आपलं जहाजावरचं शेपूट जोडलं होतं. काच रिकामी करताना जाणारा आणि येणारा दोघंही समोर उभे पाहिजेत. पाणी चढलं की जाणारा म्हणणार, "पाणी दिलं." येणारा म्हणणार, "पाणी घेतलं." ते ऐकल्याशिवाय मयेकर जागचे हलायचे नाहीत. नवीन आलेले इंजिनिअर हे बघून गालात हसायचे. कुणी म्हणायचा, कप्तान, लग्न लावताय का बॉयलरचं? मयेकर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शिफ्टला तेच करायचे.

त्यांच्यानंतरच्या शिफ्टला बहुतेक वेळा शिवराम वाळुंज असायचा. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातून सायकल मारत येणारा, मोकळ्या स्वभावाचा, सदा उशीर करणारा माणूस. एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि वाळुंज आलाच नाही. मयेकरांना त्या दिवशी सणकून ताप होता. मी म्हटलं, मी बसतो, तुम्ही जा. तर म्हणाले, "तुमच्याकडे सर्टिफिकेट नाय. कुणाला देऊ?" डोक्यावर ओलं फडकं बांधून, काचेवर नजर लावून त्यांनी दुसरी शिफ्ट काढली. दुसऱ्या दिवशी वाळुंज हात जोडून म्हणाला, "कप्तान, माफी करा. मपल्यापायी तरास झाला." मयेकर म्हणाले, "माफी कसली? तू घेतलं नव्हतंस, तर ते माझ्याकडेच होतं."

आता त्या पुस्तकाबद्दल सांगितलं पाहिजे. जहाजावर कुणा साहेबानं टाकून दिलेली एक जुनी इंग्रजी कादंबरी मयेकरांनी डिक्शनरी घेऊन वाचली होती. नाव त्यांनी कितीदा तरी सांगितलं, माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आयुष्यात त्यांनी तेवढं एकच पुस्तक वाचलं असावं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ते आम्हाला ती गोष्ट तुकड्या-तुकड्यानं सांगायचे आणि संपली की नव्यानं सुरू करायचे.

एका जहाजाचा सुकाणूवाला असतो. धुक्यात त्याच्या हातून चूक होते, जहाज खडकावर आपटतं, माणसं बुडतात. हा पोहत एका बेटाला लागतो. तिथं दुसरं नाव घेऊन राहतो, एका बाईवर त्याचा जीव जडतो, दोघं घर मांडतात. काही वर्षांनी एक गलबत खबर घेऊन येतं, की टेहळणीवरच्या खलाशाला दोषी धरलंय आणि आता त्याला फाशी देणार आहेत. हा निघतो. ती बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून होडीचा दोर धरून ठेवते. तो दोर कापतो आणि जातो. "कापला," मयेकर हात आडवा मारून सांगायचे आणि डब्यातला शेवटचा घास खायचे.

पहिल्यांदा हे ऐकलं, तेव्हा पोळ्यांची परात घेऊन उभ्या असलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "तिला इचारलं का त्यानं?"

"काय विचारायचं?"

"जाऊ का म्हणून."

"ती नाय म्हणाली असती."

"मग न्हाई जायाचं," सुमनबाई म्हणाल्या. टेबल हसून लोटपोट झालं. मयेकर हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

सुमनबाई कांबळे आमच्या कँटीनमध्ये होत्या. तिशी नुकती ओलांडलेली, बोलायला फटकळ. माहेर पिंपळे गुरवचं. नवरा दुसऱ्या एका कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला, तेव्हा तो प्यायलेला होता असं त्या कारखान्यानं लिहून टाकलं. तो माणूस थेंबाला शिवत नव्हता. हे सुमनबाई कुणालाही सांगायच्या नाहीत. मयेकरांना मात्र त्यांनी सांगितलं होतं.

त्या दिवसापासून ही गोष्ट दोघांची झाली. सुमनबाई रोज पोळ्या वाढता वाढता एक नवा सवाल टाकायच्या आणि मयेकर दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर घेऊन यायचे. ते म्हणायचे, राहिला असता तर तिच्याजवळ राहिला कोण असता? नाव खोटं, माणूस खोटा. त्या म्हणायच्या, त्याच खोट्याला तिनं जेवू घातलं की इतकी वर्षं, तिला चाललं. ते म्हणायचे, अब्रू गेल्यावर माणसात उरतं काय? त्या म्हणायच्या, "अब्रू काय एकट्या गड्याचीच असती? तिला घरात आणलं तवा शब्द दिला न्हवता व्हय?" यावर मयेकरांना उत्तर सुचायला चार दिवस लागले आणि सुचलं तेही काही खास नव्हतं. प्रेमात पडण्याची ही तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दोन वर्षं ही माणसं एका परदेशी सुकाणूवाल्यावरून भांडत होती, आणि एक दिवस मयेकर माझ्या दारात येऊन म्हणाले, "जाधव, मी सुमनला विचारलं. ती होय म्हणाली."

सोपं नव्हतं. ती बौद्ध घरातली, हा कोकणातला हिंदू, वय चाळिशीच्या पुढं गेलेलं. मयेकरांच्या भावानं गावाकडून निरोप पाठवला, की आता इकडे तोंड दाखवू नका. सुमनबाईंच्या मोठ्या भावाचीही समजूत पटत नव्हती. शेवटी तो म्हणाला, घरी या, बोलू, लग्न विहारात आमच्या पद्धतीनं होणार असेल तर पुढचं बघू. मयेकरांना त्यात काहीच अडचण नव्हती. दिवस ठरला. पहिली शिफ्ट सुटल्यावर त्यांनी पिंपळे गुरवला जायचं होतं.

त्या दिवशी ते नवा शर्ट घेऊन कामावर आले होते. मी चिडवलं, तर चक्क लाजले. अडीच वाजल्यापासून त्यांचं घड्याळाकडे बघणं चाललं होतं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी हा माणूस आमच्यासारखा दिसत होता.

दिवस मावळायच्या सुमाराला, मयेकर पिंपळे गुरवला असताना, बॉयलर गेला. आतलं पाणी आटलं होतं, तापून लाल झालेला पत्रा खाली बसला आणि भट्टीच्या दारातून आग आणि वाफ बाहेर आली. दारासमोर वाळुंज उभा होता. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मी होतो. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

चौकशी झाली. पुण्याहून बॉयलर इन्स्पेक्टर आले. त्या काचेच्या कॉकची मागची दुरुस्ती मी केलेली, म्हणून मलाही मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी मयेकरांना विचारलं, "चार्ज देताना ग्लास ब्लो केला होता? काच रिकामी करून बघितली होती?" मयेकर तोंड उघडायच्या आत मॅनेजर म्हणाले, "त्यांचं विचारूच नका साहेब. घड्याळ चुकेल, हा माणूस चुकायचा नाही." मी पण मान हलवली. मयेकर गप्प राहिले. साहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणजे दोष वाळुंजचा, झोप लागली असणार, असं धरलं गेलं. कंपनीला तेच सोयीचं होतं. स्वतःच्याच चुकीनं मेलेल्या माणसाच्या घरात नोकरी द्यायची गरज नाही, असंही वरून कळलं. वाळुंजची बायको तारा दोन पोरं घेऊन गेटवर बसून होती. तिला वॉचमननं उठवलं.

आठवड्यानं एका संध्याकाळी मयेकर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जरा येऊन बसा. सुमन यायची आहे. ती एकटी आली तर बरं दिसणार नाय." मी जाऊन बसलो. सुमनबाई आल्या, दाराजवळच टेकल्या. मयेकरांनी माझ्यासमोरच सगळं सांगितलं. त्या दिवशी वाळुंज वेळेवर आला होता, पण कोळशाच्या ढिगापाशी कुणाशी तरी बोलत रेंगाळला. मयेकरांना घाई होती. त्यांनी दारातूनच "पाणी दिलं" म्हणून हाक टाकली. वाळुंजनं लांबूनच हात वर केला. मयेकर अंघोळीला पळाले. काच रिकामी केलीच नव्हती. वाळुंजला वाटलं असणार, की कप्ताननं दिलंय म्हणजे सगळं बघूनच दिलंय.

"उद्या जाऊन सांगतो," मयेकर म्हणाले.

सुमनबाईंना हे आधीच कळलेलं असावं, कारण त्या दचकल्या नाहीत. "कशापायी घाई झाली तेबी सांगनार?"

"तुझं नाव नाय घेणार."

"नाव घ्याला कशाला पायजे? मला म्हाईत हाय न्हवं." मग म्हणाल्या, "वाळुंज परत येनार हाय का?"

"नाय."

"मग?"

"तो झोपला होता म्हणतायत."

"म्हनू द्या. मेल्या मानसाला ऐकू येत न्हाई."

"त्याच्या पोरांना येतं, सुमन. तुझ्या नवऱ्याचं तूच मला..."

"त्येच सांगू नका मला," सुमनबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कसं असतं ते मला म्हाईत हाय. मी सोसलं. तिनंबी सोसावं. मी लई चांगली बाई न्हाई. मला एकदा घर मिळतंय, ते मी कुनाच्या नावासाठी सोडनार न्हाई."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठलो नाही. मयेकर खाली बघत बसले होते. रडत होते, हे मला उशिरा कळलं. म्हणाले, "मला सगळे देवमाणूस म्हणतात. साहेबांनी माझ्या उत्तराची वाटसुद्धा बघितली नाय. हे घेऊन मी तुझ्याजवळ कसा राहू? रोज तुझ्याकडे बघितलं की तो हात वर केलेला दिसंल."

"बघू नका माझ्याकडं. नुसते घरात राहा," त्या म्हणाल्या. असं कुणी कुणाला म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मग त्या उठल्या, पदर नीट केला. "त्या तुमच्या पुस्तकातली बाई मी न्हाई, पान्यात उभी राहून दोर धराया. तुमाला जायाचं तर जावा. पर गेलात तर मी वाट बघनार न्हाई. रागानं न्हाई सांगत. तुमच्यावानीच हाय माझं. बोलले ते बोलले."

दुसऱ्या दिवशी मयेकर गेले आणि सांगून आले.

कुणालाच ते आवडलं नाही. मॅनेजरना वाटलं, त्यांचंच हसं झालं. युनियनचा पुढारी म्हणाला, मिटलेलं प्रकरण उकरून या येड्यानं सगळ्या कामगारांवर बालंट आणलं. सर्टिफिकेट गेलं, नोकरी गेली, केस उभी राहिली. मयेकरांनी गुन्हा कबूल केला, वकीलही दिला नाही. शिक्षा भोगायला ते येरवड्याला गेले, तेव्हा सामान आवरायला मीच होतो. ती कादंबरी मला ठेवू द्या म्हटलं, तर नको म्हणाले, रद्दीत घाला. मी घातली नाही, पण पुढे खोली बदलताना ती कुठे गेली कळलं नाही.

एक गोष्ट मात्र झाली. वाळुंजवरचा ठपका पुसला गेला आणि ताराबाईंना नोकरी मिळाली, ती नेमकी कँटीनमध्ये. गावाकडून आलेली बुजरी बाई, सुमनबाईंनीच तिला पोळ्यांच्या भट्टीवर उभं राहायला शिकवलं. ताराबाईंनी मयेकरांना पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याला मारणारा म्हणून त्यांना फक्त नाव ठाऊक होतं, आणि त्या नावानं त्या रोज बोटं मोडायच्या. त्याच्या सांगण्यावरून आपल्या नवऱ्याचं नाव राहिलं, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही. मी एकदा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "खरं बोलला त्यो, मंग काय आरती करू त्याची? दोन मिनिटं थांबला असता तर मपला मानूस घरी आला असता." सुमनबाई शेजारी उभ्या राहून गोळे करत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

सुमनबाई येरवड्याला एकदाही गेल्या नाहीत. मयेकर सुटले, तेव्हाही गेल्या नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही. भावानं दोन स्थळं आणली होती, ती परत पाठवली. मी विचारलं, बाई, वाट बघत नाही म्हणता, मग हे काय? तर म्हणाल्या, "वाट न्हाई बघत जाधवभाऊ. नुसतीच हाय." मयेकरांबद्दल उडत उडत कानावर यायचं. तळेगावच्या बाजूला कुठल्याशा शेडवर कोळसा फोडतात, कुणी म्हणे वॉचमन आहेत. मीही कधी शोधत गेलो नाही. कशाला जायचं, जाऊन काय बोलायचं, ते कळत नव्हतं.

नंतर एकदाच दिसले. ऐंशी साल उलटलं होतं. पहिली शिफ्ट सुटून आम्ही तिघं गेटच्या बाहेर पडलो, सुमनबाई, ताराबाई आणि मी. रस्त्याच्या पलीकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानाशी एक माणूस उभा होता. दाढी पांढरी, गालफडं बसलेली, अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. मी ओळखलं. सुमनबाईंनी माझ्याआधी ओळखलं होतं, कारण त्यांची चाल मंदावली. आमचा रस्ता त्याच्या समोरूनच जात होता.

ताराबाई म्हणाल्या, "कोन वो त्यो? आपल्याकडंच बघतुया."

नाव सांगितलं असतं, तर ताराबाईंनी भर रस्त्यात काय केलं असतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण तेवढ्याचसाठी सुमनबाई तसं म्हणाल्या असतील का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी ताराबाईंचा दंड धरला आणि म्हणाल्या, "म्हाईत न्हाई. चल."

आम्ही इतके जवळ होतो, की मयेकरांना ते ऐकू गेलंच. त्यांनी मान किंचित हलवली आणि आम्हाला जायला जागा व्हावी म्हणून मागं सरकून गटाराच्या कडेवर उभे राहिले. मी नुसतं बघितलं आणि पुढं चालू लागलो.

ताराबाईंची गल्ली आली, त्या वळल्या. पोरगं बाहेर खेळत होतं, त्याला हाका मारत आत गेल्या. सुमनबाई आणि मी तसेच पुढं निघालो. बरंच अंतर चालल्यावर रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "जाधवभाऊ, जेवत न्हाईत वाटतं ते."